बचत गटाला तीन लाख मंजूर झालेत. शेळ्या, म्हैस की पुन्हा पापडच?

धुक्यातला_राधानगरीकर

मंडळी, जरा सल्ला पाहिजे.

आमचं गाव राधानगरी तालुक्यात, धरणाच्या वरच्या अंगाला. मी नोकरीला कोल्हापुरात, शनिवार-रविवार गावी. आई गावातल्या बचत गटाची सचिव आहे. उमेदचा, म्हणजे सरकारच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातला गट, अकरा बायका. पहिलं दीड लाखाचं कर्ज त्यांनी एकही हप्ता न चुकवता फेडलं. त्यातून काय केलं विचाराल तर एकीच्या सुनेचं बाळंतपण, दुसरीच्या पोराची फी, तिसरीनं घरावरचे पत्रे बदलले. आता दुसरं कर्ज मंजूर झालंय, तीन लाखांचं.

या वेळी वरून सांगणं आहे की काहीतरी उत्पन्न देणारं करा. लखपती दीदी, म्हणजे वर्षाला लाख कमावणारी बाई, व्हायचंय ना. गटात तीन पार्ट्या पडल्यात. चौघी म्हणतात शेळ्या, चौघी म्हणतात म्हैस, उरलेल्या तिघी म्हणतात पापड-लोणची, कारण त्याचं प्रशिक्षण झालंय आणि प्रमाणपत्रं भिंतीवर लावलीत.

तीन लाखांचे अकरा भाग केले तर एकीला सत्तावीस हजार. त्यात म्हैस येत नाही, शेपूट येतं.

एक प्रश्न असा की काय घ्यावं. दुसरा जरा मोठा आहे. माझ्या आज्जीलाही सरकारी म्हैस मिळाली होती. आईला आता मिळेल. मधल्या चाळीस वर्षांत आमच्या वाडीतली जी चार घरं गरीब होती ती चारही तिथंच आहेत. मग या योजनांनी नेमकं होतं काय?

तांबडा_पांढरा

पापड नको. एवढंच सांगतो. आमच्या गल्लीत पाच गट, पाचही गटांचे पापड, आणि गिऱ्हाईक आम्हीच. एकमेकींचे पापड विकत घेऊन बायका एकमेकींना लखपती करायला लागल्यात.

मिरजकर_तिकटी

+१. आणि दिवाळीत उटणं.

बावड्याचा_पाऊस

शेळ्यांबद्दल मी बोलतो, कारण आमचे हात भाजलेत.

मी गगनबावड्याचा. आमच्याकडं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. जूनला सुरू झाला की गणपतीपर्यंत अंगणातली चटई वाळत नाही. मागं एका योजनेतून आमच्या वाडीत शेळ्या वाटल्या, दहा शेळ्या अन् एक बोकड असा गट. शेळ्या आल्या उस्मानाबादी. जात उत्तम, जुळी देते, मटणाला भाव. पण ती मराठवाड्याची. तिचा जन्म बाभळीच्या पाल्यावर, कोरड्या हवेत. आमच्याकडं आली अन् पहिल्याच आषाढात खुरं सडायला लागली. मग ढाळ, मग निमोनिया. श्रावण संपेपर्यंत आमच्या शेजारच्या वहिनींकडं अकरातल्या तीन उरल्या. विम्याला कानातला बिल्ला लागतो. शेळी मेली कड्याखाली, बिल्ला गेला कोल्ह्याच्या पोटात. आता कोल्ह्याला शोधा.

यात शेळीची चूक नाही, वहिनींची तर अजिबात नाही. कुणीतरी टेबलावर बसून "महाराष्ट्र : शेळी : उस्मानाबादी" असं लिहिलं. तीच खरेदी घाट उतरून सिंधुदुर्गात केली असती तर कोकण कन्याळ मिळाली असती. ती पावसातच वाढलेली जात आहे. धुक्यातल्या, तुमचं राधानगरीचं हवामान आमच्यासारखंच. घ्याच म्हणतो शेळ्या, पण जात बघून. आणि आधी जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच फळ्यांचा माच बांधायचा, मग शेळी आणायची. आपल्याकडं उलटं होतं.

वैरण_काडी

> बिल्ला गेला कोल्ह्याच्या पोटात

मेलो हसून. कोल्ह्यालाच लाभार्थी दाखवून टाका की.

विस्तार_अधिकारी_निवृत्त

धागाकर्त्याच्या आज्जींची म्हैस बहुधा मीच दिली असेल. म्हणजे मी नाही तर माझ्यासारख्या कुणीतरी. एकोणतीस वर्षं पंचायत समितीत काढली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

ती योजना म्हणजे एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम. १९७८-७९ मध्ये निवडक तालुक्यांत सुरू झाली आणि २ ऑक्टोबर १९८० पासून देशभर. कल्पना सरळ होती. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला बँकेनं कर्ज द्यायचं, सरकारनं त्यात अनुदान घालायचं. छोट्या शेतकऱ्याला २५ टक्के, अत्यल्प भूधारक आणि शेतमजुराला एक तृतीयांश, अनुसूचित जाती-जमातींना निम्मं. त्या पैशातून म्हैस, शेळ्या, बैलगाडी, शिलाई यंत्र, जे काय असेल ते.

आम्हाला मार्चअखेरचं उद्दिष्ट असायचं. एवढ्या कुटुंबांना लाभ, एवढं अनुदान खर्ची. म्हैस व्यायली का, गाभण राहिली का, वैरण आहे का, हा रकानाच त्या तक्त्यात नव्हता. फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळ्या तालुक्याच्या समित्या एकाच बाजारात म्हशी घ्यायला उतरायच्या. व्यापाऱ्यांना तारखा पाठ. भाव चढवून ठेवलेले. भाकड म्हैस तीन दिवस दूध तुंबवून ठेवून "ताजी व्यायलेली" म्हणून गळ्यात मारायचे. एकदा तर एकच म्हैस मी पंधरवड्यात दोन गावांत पाहिली. शिंगावरून ओळखली. मी तिला ओळखलं, तिनं मला ओळखलं असावं, कारण मान फिरवली.

लोकांना अनुदान दिसायचं, कर्ज दिसायचं नाही. अनुदान हातात पडलं की म्हैस विकायची आणि बँकेला विसरायचं. बँकाही त्याला कर्ज समजत नसत, डोक्यावर आलेलं ओझं समजत. १९९९ ला ही योजना आणि आणखी चार-पाच योजना गुंडाळून स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजना आली. एकेकट्या माणसाऐवजी गट पुढं आला. तरी अनुदानाचा वास गेला नाही. अनुदानासाठी गट जन्मायचे आणि अनुदान मिळालं की मरायचे. २०११ ला राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियान आलं, आपल्याकडं त्याचं नाव उमेद. यात मला एक फरक पटला. आधी वस्तू अन् मग माणसं, हा क्रम बदलला. आधी बायका दर आठवड्याला बसणार, बचत करणार, एकमेकींना कर्ज देणार, वही लिहिणार. बँक नंतर.

बाकी दोष आहेतच. पण धागाकर्ते, तुमच्या आईंच्या गटानं दीड लाख फेडले हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढं गेलात. माझ्या नोकरीत एखाद्या गावात अशी शंभर टक्के परतफेड झाली असती तर आम्ही पेढे वाटले असते.

तांबडा_पांढरा

काका, म्हशीनं मान फिरवली ते वाक्य फ्रेम करून ठेवतोय.

पुण्यातून_कोल्हापूर

चर्चा रंगतेय, पण मूळ प्रश्न कुणी विचारत नाहीये. वस्तू कशाला द्यायची? थेट पैसे द्या. लाडकी बहीण योजनेत महिन्याला पंधराशे मिळतातच. बाईला ठरवू द्या काय करायचं ते. मधली साखळी गेली की म्हैसही दोनदा विकली जाणार नाही.

शिरोळ_पूररेषा

@पुण्यातून_कोल्हापूर

पंधराशे रुपये वाईट नाहीत. माझी बायको त्यातून गॅस अन् औषधं काढते. पण त्यानं गोठा होत नाही, भावा. २०१९ ला आमच्या घरात सात फूट पाणी होतं. दोन वर्षांनी २०२१ ला परत. पहिल्या पुरात एक गाय गेली, दुसऱ्यात कडबा. ज्याच्याकडं चार एकर ऊस होता तो दोन हंगामांत सावरला. ज्याची जमीनच नव्हती तो सांगलीला वॉचमन झाला. गरीब कोण हे बचत गटाच्या वहीत शोधू नका, सातबाऱ्यात शोधा.

अन् मजुरीत. आमच्याकडं भांगलणीला बाईला तीनशे, गड्याला पाचशे. केंद्राच्या रोजगार हमीचा दर २०२५-२६ ला ३१२ होता, तोही कधी खात्यावर पडेल ते देव जाणे. म्हणून आमच्या भागात त्या कामावर कोण जात नाही. मग वर रिपोर्ट जातो की मागणी नाही, म्हणजे गरिबी नाही.

विस्तार_अधिकारी_निवृत्त

रोजगार हमीचा विषय निघाला म्हणून एक भर. देशाचा कायदा २००५ चा, पण मूळ आपलं. रोजगार हमीची कल्पना मांडणारे वि. स. पागे सांगली जिल्ह्यातले. १९७२ च्या दुष्काळात अशाच सरकारी कामांनी महाराष्ट्र जगवला. या योजनेच्या खर्चासाठी १९७५ ला व्यवसाय कर आला. तुम्हा नोकरदारांच्या पगारातून दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे कापले जातात ना, त्याचं मूळ तिथं आहे. पगारपत्रकाकडं बघून शिव्या देताना एवढं लक्षात ठेवा.

मिरजकर_तिकटी

बावीस वर्षं कापतायत, आज कळलं कशासाठी.

सीआरपी_ताई_भुदरगड

नमस्कार. मी या धाग्यावर फक्त वाचायला आले होते, पण राहवत नाही. मी स्वतः समुदाय संसाधन व्यक्ती म्हणून काम करते. आमच्याकडं सगळे "सीआरपी ताई" म्हणतात, कुणाला पूर्ण नाव माहीत नसतं, आमच्या घरच्यांनाही नाही.

दादा, तुमच्या पहिल्याच पोस्टमध्ये एक गैरसमज आहे. तीन लाखांचे अकरा भाग करायचेत असं कुणी सांगितलं? कर्ज गटाच्या नावावर असतं. आत कुणाला किती, ते गट ठरवतो. प्रत्येकीच्या घरी जाऊन बसायचं, उत्पन्न किती, खर्च किती, आधीचं देणं किती, कुठं काय करता येईल हे लिहायचं. त्याला सूक्ष्म पत आराखडा म्हणतात. एकीला ऐंशी हजार लागतील, एकीला दहा पुरतील, एकीला या खेपेला नकोच असेल. अकराही जणींनी एकच धंदा करायचा हे कुठल्याच नियमात नाही. तरी दर गावात हेच होतं. सारखी वाटणी केली की भांडण होत नाही म्हणून. म्हैस शेपटापुरती का येते, तर त्यामुळं.

दुसरं, व्याज. तीन लाखांपर्यंत बँकेनं सात टक्क्यांनीच द्यायचं. तीन वर्षांची मुदत धरली तर महिन्याला सव्वानऊ हजारांच्या आसपास हप्ता बसेल. धंदा असा निवडा की पैसा हप्त्याच्या आधी येईल. शेळीचा पैसा वर्षानं येतो, हप्ता पुढच्या महिन्यात. दुधाचा पैसा आपल्याकडं दहा दिवसांनी येतो.

आणि बाळंतपण, फी, पत्रे यावर खर्च झाला म्हणून लाजू नका. ते पैसे गटातून मिळाले नसते तर तुमच्या आईंच्या मैत्रिणी कुणाकडं गेल्या असत्या, विचारा त्यांना.

उंबऱ्याबाहेर

ताई, शेवटच्या ओळीबद्दल मी लिहिते, कारण मी गेले होते.

एका खाजगी फायनान्सकडून चाळीस हजार घेतले. त्याचा हप्ता चुकायला लागला म्हणून दुसऱ्याकडून तीस. मग तिसरा घरी येऊन म्हणाला, मावशी, तुमचं रेकॉर्ड चांगलं आहे. दर आठवड्याला एक माणूस दारात. दहा बायकांचा गट तिथंही असतो, पण एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या नवऱ्यासकट येऊन तिच्या अंगणात बसतात. नियम आहे म्हणे, सगळे हप्ते मिळून घरच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. माझ्या फॉर्मवर उत्पन्न त्यांनीच लिहिलं होतं. मी वाचलं तेव्हा मलाच वाटलं, अरे वा, आपण एवढं कमावतो.

आमच्या बचत गटानं मला सोडवलं. दोन वर्षं लागली. म्हणून धागाकर्त्यांना विनंती, म्हशी-शेळ्यांच्या आधी त्या अकरा जणींत कुणाच्या दारात असा माणूस येतोय का ते बघा. ती मीटिंगमध्ये सांगणार नाही.

बावड्याचा_पाऊस

ताई, __/\__

पायताण_गल्ली

उपजीविकेचा विषय आहे आणि कोल्हापूरच्या धाग्यावर चपलेचं नाव नाही? आम्ही सुभाषनगरचे, तीन पिढ्या हेच काम. २०१९ ला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. सत्कार झाले, फेटे बांधले. २०२५ च्या जूनमध्ये प्राडावाल्यांनी मिलानला आमचं पायताण रॅम्पवर चालवलं, तेही नाव न घेता. मग आख्खा देश आमच्या बाजूनं. दोन आठवडे रोज एक क्यामेरा दारात.

आता धंद्याचं सांगतो. चामडं कमवायचं बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं, त्याला दिवस जातात. कापणं-ठोकणं गडी करतो. वेणी, गोंडा, शिलाई घरातली बाई करते, नगावर. दुकानात चपलेची किंमत बघा आणि वेणी घालणाऱ्या बाईला विचारा तिला काय मिळतं. मानांकन चपलेला मिळालं. बाईला नाही.

वैरण_काडी

भारी लिहिलंस. पण खरं सांग, प्राडानं पायताण घातलेलं करकर वाजत होतं का? वाजत नसेल तर डुप्लिकेट.

पायताण_गल्ली

संगीत मोठं होतं, ऐकू आलं नाही.

पुण्यातून_कोल्हापूर

मी माझं विधान अर्धं मागं घेतो. २०१५ मध्ये सहा देशांतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला होता, नोबेलवाले अभिजित बॅनर्जी त्यात होते. भारतातला भाग पश्चिम बंगालमधला. अतिगरीब कुटुंबांना एक जनावर किंवा छोटा धंदा, सुरुवातीचे काही महिने जगायला थोडे पैसे, प्रशिक्षण, बचत आणि घरी येऊन विचारपूस करणारं माणूस, हे सगळं एकत्र दिलं. मदत थांबून वर्ष झालं तरी फरक टिकून होता. बंगालमधल्या त्या कुटुंबांत तर दहा वर्षांनीही. म्हणजे नुसते पैसे पुरतात असं मला आता म्हणता येणार नाही. पण काका सांगतात तशी नुसती म्हैसही पुरत नाही.

सीआरपी_ताई_भुदरगड

> घरी येऊन विचारपूस करणारं माणूस

त्या माणसाला आमच्याकडं ताई म्हणतात, आणि तिच्याकडं एका वेळी एवढे गट असतात की चहा प्यायलाही एकीकडंच बसता येतं. 🙂

शिरोळ_पूररेषा

धाग्याचं पंचगंगा झालंय, पाणी सगळीकडं पसरलंय. राधानगरीकर कुठं गेले? म्हैस घेतली का शेळी?

दूध_कट्टा_करवीर

ते येईपर्यंत माझे चार शब्द. आमची गावात दूध संस्था आहे, मी पंधरा वर्षं सचिव. लोक म्हणतात कोल्हापुरात म्हैस चालते कारण माणूस कष्टाळू आहे. बीडचा माणूस कमी कष्टाळू आहे का? आपल्याकडं गावात सकाळ-संध्याकाळ काटा लागतो, फॅट बघून दर ठरतो, दहा दिवसांनी बिल, दिवाळीला दर फरक, बोलावलं की डॉक्टर, उसाचं वाडं फुकटात. १९६३ ला गोकुळ निघाला तेव्हापासून हे एकेक करून बसत गेलं. त्याच्या आधी शाहू महाराजांनी राधानगरीचं धरण घातलं नसतं तर ऊस नसता, वाडं नसतं. म्हैस शेवटी येते. आधीचं सगळं जिथं नाही तिथं तीच म्हैस नेऊन बांधली तर ती मान फिरवणारच, काकांच्या म्हशीसारखी.

म्हणून पहिला प्रश्न : तुमच्या वाडीपर्यंत दुधाची गाडी येते का? पावसाळ्यात येते का?

धुक्यातला_राधानगरीकर

आलो आलो. दोन शनिवार गावी होतो, रेंज नव्हती.

दूध_कट्टा, तुमच्या प्रश्नावरच सगळं फिरलं. खालच्या गावठाणात गाडी येते, बारा महिने. वरच्या वाडीला येत नाही. पावसाळ्यात ओढा आडवा येतो, दीड किलोमीटर डोक्यावरून किटली आणावी लागते. आणि गंमत म्हणजे म्हैस मागणाऱ्या चौघीही गावठाणातल्या, शेळ्या मागणाऱ्या चौघीही वाडीतल्या. मी इथं पार्ट्या पडल्यात म्हणून लिहिलं. त्या भांडत नव्हत्याच, ज्या त्या आपापल्या रस्त्याबद्दल बोलत होत्या. मला कोल्हापुरात बसून ते दिसलं नाही.

आईला हा सगळा धागा वाचून दाखवला. काकांच्या म्हशीपाशी ती पण हसली. मग म्हणाली, "आत्तीची, तुझ्या आज्जीची, म्हैस भाकडच होती. सासऱ्यांनी वर्षभर सांगितलं न्हाई कुणाला, लाजंनं." हे मला माहीत नव्हतं.

उंबऱ्याबाहेर, तुमचं वाचून झाल्यावर आई बराच वेळ गप्प होती. दुसऱ्या दिवशी एकटीच एका घरी जाऊन आली. अकरातल्या एकीच्या दारात तीन माणसं येतात. नवऱ्यालाही दोनच माहीत होती.

मीटिंगचं ठरलं ते असं. तिचं देणं आधी फेडायचं, पंचावन्न हजार. कागदावर काय लिहायचं यावर चर्चा झाली, शेवटी जे आहे तेच लिहिलं. गावठाणात दोघींना मिळून एक म्हैस, एक लाख दहा हजारांपर्यंत, जवळच्या खात्रीच्या गोठ्यातली, तीन वेळचं दूध स्वतः काढून बघून. उरलेल्या दोघी पुढच्या खेपेला. वाडीतल्या चौघींना पंधरा-पंधरा हजार, माचासाठी आणि दोन-दोन शेळ्यांसाठी, कन्याळच. पंचवीस हजार पापडवाल्यांना, पण पापडाला नाही. शाळेत पोषण आहार शिजवणारी एक त्यांच्यात आहे, तिच्या डोक्यात भाकरीचं आलंय. दाजीपूरला अभयारण्य बघायला येणाऱ्यांना दुपारी जेवायला कुठं मिळत नाही. प्रमाणपत्रं भिंतीवरच राहतील. उरलेले पन्नास हजार बँकेतून उचलायचेच नाहीत म्हणाल्या. यावर मॅनेजर बुचकळ्यात पडलाय.

माझ्या मोठ्या प्रश्नाचं उत्तर काही मिळालं नाही. वाडीतल्या त्या चार घरांपैकी तीन घरं गटात आहेत. चौथ्या घरात म्हातारी एकटी असते. तिला आठवड्याचे वीस रुपये जमत नाहीत म्हणून ती गटात कधी आलीच नाही. आईनं विषय काढला होता. पुढच्या मीटिंगला घेणार आहेत.

विस्तार_अधिकारी_निवृत्त

त्या म्हातारीबाईंचं वय पासष्टच्या वर असेल तर श्रावणबाळ योजनेचा अर्ज तहसीलला करा. गटाच्या आधी ते. काही अडलं तर मला व्यक्तिगत निरोप टाका, फॉर्म मी भरून देतो.

तांबडा_पांढरा

दाजीपूरला भाकरी मिळणार असेल तर पुढचा कट्टा तिथंच. रस्सा आम्ही आणतो.

बावड्याचा_पाऊस

माच किती उंच घेतला? फळ्यांत बोटभर फट ठेवा, लेंडी खाली पडली पाहिजे. खुराला ओल लागता कामा नये.

धुक्यातला_राधानगरीकर

अडीच फूट. फट ठेवलीय. आई विचारतेय, शेळ्या पुढच्या आठवड्यात येतायत, आंत्रविषाराची लस लगेच टोचायची का जरा रुळू द्यायच्या?

सीआरपी_ताई_भुदरगड

आल्या आल्या नको, आठ-दहा दिवस थांबा. पण मृगाच्या आधी टोचून घ्या. तुमच्या गावच्या पशुसखीचा, म्हणजे जनावरांचं बघणाऱ्या ताईचा, नंबर आईंकडं असेल, नसेल तर ग्रामसंघाच्या वहीत पहिल्या पानावर आहे.